किनाऱ्यावर जाताना तिथी बघा

महोदय,

मे महिन्यात बेळगाव, खानापूरहून शनिवार-रविवारी आंबोली किंवा चोर्ला घाटाने वेंगुर्ला, शिरोडा, गोव्याकडे गाड्यांची रीघ लागते. हॉटेल महिनाभर आधी ठरतं, भरती-ओहोटी मात्र कुणी बघत नाही.

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला संध्याकाळी लांबवर ओली, घट्ट पुळण मिळते, अनवाणी चालायला उत्तम. अष्टमीच्या आसपास ऐन सूर्यास्ताला पाणी वर चढलेलं असतं. अशा वेळी वाळूत गाडी घातली तर चाकं रुततात, वर ॲक्सिलरेटर दाबला की आणखी खोल जातात. चाकांची हवा थोडी कमी करून, खाली फळी घालून हळू काढावी. मुळात गाडी रस्त्यावरच ठेवावी हे बरं.

मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्यानंतर पाण्यात उतरू नये. दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधला पट्टा शांत दिसतो, तिथेच पाणी माणसाला आत ओढतं. सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहावं, थेट किनाऱ्याकडे नाही.

आणि ताजे मासे खायचे तर मे संपण्याआधीच जा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव