सूचना: एचटीटीपी-क्लायंट एकच ठेवा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सर्व सभासदांना नमस्कार.

डॉट नेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्म) वेब सर्व्हिसच्या प्रत्येक कॉलला नवा एचटीटीपी-क्लायंट, म्हणजे वेबवर विनंती पाठवणारा ऑब्जेक्ट, बनवून लगेच डिस्पोज करणं, म्हणजे मोडीत काढणं, कृपया थांबवा. ऑब्जेक्ट जातो, पण त्याचं सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) टाइम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यानंतरच्या प्रतीक्षेत, काही वेळ अडकून राहतं. ऐन सौद्याच्या वेळी बाजारभावाच्या ॲपवर गर्दी झाली की पोर्ट (जोडणीसाठी लागणारे मोजके क्रमांक) संपतात आणि नेमकं तेव्हाच शेतकऱ्याला दर दिसत नाही. हे मला फार लागतं.

एकच स्टॅटिक (संपूर्ण ॲपसाठी सामायिक) क्लायंट सगळीकडे वापरा. त्याच्या गेट-असिंक, सेंड-असिंक या विनंती पाठवणाऱ्या मेथड एकाच वेळी अनेक थ्रेडमधून (समांतर चालणाऱ्या कामांतून) चालतात. मात्र वापरकर्त्याचं टोकन (ओळख पटवणारी खूण) डिफॉल्ट हेडरमध्ये, म्हणजे सगळ्या विनंत्यांना आपोआप लागणाऱ्या माहितीत, कधीच नको, ते प्रत्येक रिक्वेस्ट मेसेजवरच लावा. डीएनएस बदल (सर्व्हरच्या नावामागचा पत्ता बदलणं) कळावा म्हणून पूल्ड-कनेक्शन-लाइफटाइम, म्हणजे एक जोडणी किती वेळ वापरायची ती मुदत, ठरवून द्या.

रविवारच्या बैठकीला आपापला कोड तपासून या.