उकळत्या झऱ्यांचे उपेक्षित रहिवासी

महोदय,

गरम पाण्याच्या झऱ्यांतील जिवाणूंचा विषय निघाला की थर्मस ॲक्वाटिकसचेच नाव पुढे येते. त्याचा मान मोठा आहेच. डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्राला उष्णता सोसणारे विकर त्याच्याकडूनच मिळाले. पण तो प्राणवायूवर जगणारा. झऱ्यांच्या तळच्या गाळात प्राणवायूविना वाढणाऱ्या उष्णताप्रिय जिवाणूंची मात्र फारशी दखल घेतली जात नाही, याची खंत वाटते.

पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा असे जीव तिथे असणारच. अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांत सापडलेल्या थर्मोॲनएरोबॅक्टर एथेनॉलिकसची नोंद १९८१ मध्ये झाली. सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास तो जोमाने वाढतो आणि साखर आंबवून इथेनॉल बनवतो. इंधनाच्या दृष्टीने हे किती मोलाचे! इटलीतील व्हल्कानो बेटाच्या तप्त सागरी गाळातला थर्मोटोगा मारिटिमा तर नव्वद अंशांपर्यंत वाढू शकतो.

झऱ्यांचे सुशोभीकरण करताना हा गाळ सर्रास उपसला जातो. कुठल्याही देशात असे काम हाती घेण्याआधी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना नमुने घेऊ देण्याची अट तरी घालावी.

– एक वाचक