काका, आधी आत काय आहे ते विचारलंत म्हणून

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांदेखत.

माझ्याकडचा टीआरएस-80 मॉडेल 100 म्हणजे 1983 सालचा, मांडीवर मावणारा छोटा संगणक. बनवलं जपानच्या क्योसेराने, विकलं रेडिओ शॅकने. चार पेन्सिल सेलवर चालतं, पडद्यावर 40 अक्षरांच्या 8 ओळी मावतात. एके काळी अमेरिकेतले बातमीदार हेच मांडीवर घेऊन बातम्या लिहायचे. इथे न्यू जर्सीत आई नाशिकच्या वाड्यातल्या गोष्टी सांगते आणि मी त्यावर रोमन लिपीत उतरवून घेते. मध्येच काही टुणटुणत नाही, हे त्याचं मोठं सुख.

पण 32 केबी मेमरी सांगून विकलेल्या या यंत्रात आणलं तेव्हाच जागा निघाली 13254 बाइट. हवी होती 29638. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच भंगारात काढायला सांगितलं. दुसऱ्याने शेवटच्या सॉकेटसाठी नवा मॉड्यूल, म्हणजे मेमरीचा एक तुकडा, गळ्यात मारला. आकडा ढिम्म हलला नाही. तक्रार केली तर म्हणे, "खालचं मेमरीचं बटण बंद करून चालू करा, सगळं साफ होईल." साफच झालं असतं! याला डिस्क नाही. लिहिलेलं सगळं रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसली जाणाऱ्या मेमरीत, बॅटरीच्या भरवशावर. जुनी यंत्रं विकून पोट भरणाऱ्याला हे ठाऊक नसेल?

तुम्हाला आकडा सांगितला आणि तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे 8 केबीच्या चार तुकड्यांपैकी दोनच मोजतंय." यंत्र मेमरी वरच्या पत्त्यापासून खाली तपासत येतं. तिसरा तुकडा मेलेला, म्हणून चौथा धडधाकट असून हिशेबात नाही. वाढपी पंगतीत रिकामं पान दिसताच मागे फिरला, तर पुढचा उपाशीच राहणार, हे तुमचंच वाक्य.

उत्तर सापडलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर शोधत होते. तेव्हा तुम्ही विचारलंत, "थांबा. आत तुमचं काही लिहिलेलं आहे का?"

आईचं आहे, म्हटलं.

"मग आधी ते बाहेर काढा. मी आहे फोनवर."

सीरियल केबलमधून सगळं लॅपटॉपवर येईपर्यंत तुम्ही खरंच फोन धरून बसलात. वर शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावलीत, काही तुटलं तर नाही ना बघायला. ती निघाली पाणी तापवायच्या बंबाची. "आमच्याकडेही होता," एवढंच म्हणालात. यंत्रातलं कळणारे पुष्कळ भेटतात हो. समोरच्याचं त्यात काय अडकलंय, हे विचारायला वेगळी माणुसकी लागते, आणि तिचं बिल कुणी लावत नाही.

मग तिसऱ्या-चौथ्याची अदलाबदल केली. आता रिकाम्या यंत्रात 21446 मिळतात. त्या महाभागाने विकलेला मॉड्यूल अखेर तिसऱ्या जागी कामाला लागला, त्याच्या कर्तृत्वाशिवाय!

तुम्ही पैसे घेणार नाही म्हणालात, म्हणून आईने भाजणीची चकली पाठवलीय. डबा परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. आणि रविवारी फोन उचला, तिला तुमच्या बंबाबद्दल विचारायचंय.

तुमची,
मॉडेल 100 वाली