रविवारी ओढ्यावर लागवड : सर्व सभासदांसाठी सूचना

पाऊस सरला, ओढ्याचं गढूळ पाणी निवळलं. आता लावलेली रोपं पुढच्या जूनच्या लोंढ्याआधी मूळ धरतील, म्हणून येत्या रविवारी सकाळी ७ वाजता स्मशानभूमीजवळच्या साकवापाशी जमायचं आहे.

लावायचं काय, तर काठावर वाळा आणि पाण्यालगतच्या चिखलात लव्हाळा व वेखंड. वाळ्याची मुळं सरळ खाली, चांगल्या मातीत दहा फुटांपर्यंत उतरतात. ढासळणारा काठ धरायला याहून चांगलं गवत मला माहीत नाही. ठोंबाची पाती वीतभर ठेवून छाटा, दोन ठोंबांत वीतभरच अंतर ठेवा. वेखंडाचे कंद मात्र खोल पुरू नका. वर नुसती माती लोटून शेजारी दगड ठेवला की पुरे, नाहीतर कुजतात. गेल्या वर्षी आपण भर पावसात घाई केली आणि पहिल्याच पुरात सगळं वाहून गेलं, ते अजून मनाला लागून आहे.

पाणकणीस एकाच कोपऱ्यात ठेवू, ते फार पसरतं. जलपर्णी आणि बेशरम ही दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेली. दिसतील तिथून मुळासकट काढा, पण काठावर टाकू नका. बेशरमची फांदीसुद्धा ओलीत पुन्हा फुटते.

कळकळीची विनंती : कासहून कुमुदिनी किंवा कुठलंही रोप उपटून आणू नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. आपली रोपं शेजारच्या ओढ्यातून, शेतमालकाला विचारूनच घेतली आहेत.

खुरपं, विळा आणि जुनी गोणपाटं आणा. लहान मुलांना पाण्यात उतरवू नका.