खाजकुइली आणि तुझी सेट्रिझिन

चिनू,

काल फोनवर तू एवढा कावलेला होतास की मी काय बोलत होतो ते कानात गेलंच नसणार, म्हणून लिहून पाठवतोय. ट्रेकला झुडपातून जाताना अंगाला लागली ती खाजकुइलीच, दुसरं काही नाही. पावसाळ्यानंतर शेंगा वाळल्या की त्यांच्यावरची तपकिरी लव नुसत्या वाऱ्यानेपण उडते.

आणि सेट्रिझिनने, म्हणजे त्या ॲलर्जीच्या गोळीने, फरक पडला नाही म्हणून गोळी बोगस नाही रे (दोन घ्यायला कोणी सांगितलं होतं, झोप तेवढी येणार). डास चावला की कातडीतल्या पेशी हिस्टामिन सोडतात, ते नसांच्या टोकांना लागतं आणि खाज सुटते, गोळी फक्त तेवढंच अडवते. खाजकुइलीच्या केसात म्युकुनेन नावाचं एन्झाइम असतं, ते कातडीतले दुसरेच रिसेप्टर (नसांवरची बटणं म्हण) चालू करतं, त्याला हिस्टामिनची गरजच नाही. बरं, नसापण वेगळ्या! पूर्वी बरेच जण म्हणायचे की खाज म्हणजे बारीकशी वेदनाच, पण १९९७ मध्ये श्मेल्ट्झ वगैरे संशोधक मंडळींना माणसाच्या पायात हिस्टामिनला जोरात साथ देणाऱ्या बारीक सी-फायबर नसा सापडल्या, आणि २००८ मध्ये दिसलं की खाजकुइलीची खाज त्यांच्यावरून जातच नाही, तिच्या नसा निराळ्या. दोन्ही तशा मंदच, सेकंदाला साधारण अर्धा ते एक मीटर, म्हणजे पायाची खाज मणक्यापर्यंत पोचायलाच सेकंद-दोन सेकंद जातात.

आता खाजवायचं. नखांनी जी वेदना होते ती मणक्यातच खाजेच्या सिग्नलला दाबते, म्हणून त्या क्षणाला स्वर्गसुख. पण ती वेदना शमवायला मेंदू वरून सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो आणि उंदरांवर २०१४ मध्ये दिसलं की तेच सेरोटोनिन मणक्यातल्या खाजेच्या पेशींना परत चेतवतं. म्हणजे तू काल रात्रभर जे केलंस ना, ते.

तेव्हा खाजवू नको, चोळू तर अजिबात नको, केस आत घुसतात. चिकटपट्टी लाव आणि उपट, परत लाव, परत उपट. आजी आम्हाला शेण फासायची आणि वाळलं की खरवडून काढायची, हिशोब तोच, केस निघाले पाहिजेत. मग गार पाण्याची पट्टी ठेव, थंडीने खाज दबते. डोळ्यात गेलं असेल तर मात्र सरळ डॉक्टर.

आणि तो शर्ट बाकीच्या कपड्यांत कोंबून घरी आणू नकोस, आई मशीनला लावेल आणि मग आपण तिघंही खाजवत बसू.

बाबा