आधी जमीन गप्प कर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं आणि रात्री दोनदा वाचलं. मेटल डिटेक्टर घेऊन तीन आठवडे झाले, दर सुट्टीला पहाटे बाहेर पडतोस, आणि पदरात काय, तर नुसती किरकिर. पाच पावलांत दहा वेळा वाजतं, खणलं की खड्ड्यात फक्त माती. ‘यंत्रच खराब निघालं बहुतेक, परत करतो’ असं तू शेवटी लिहिलं आहेस. परत करू नकोस. तू केलेल्या वर्णनावरून तरी मला यंत्रात बिघाड दिसत नाही. ते व्यवस्थित ऐकतंय, फक्त तुला हवं ते सोडून जमीनच ऐकतंय. म्हणून हे लांबलचक पत्र.

सगळ्यात आधी एक साधी तपासणी कर. यंत्र चालू करून कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्यांची चकती, कमरेइतकी वर धर आणि अजिबात हलवू नकोस. तशीही किरकिर ऐकू आली तर ती जमिनीची नव्हे, हवेतून येते आहे: वरून गेलेली विजेची तार, जवळचं कुंपणाचं विद्युत यंत्र, नाहीतर तुझ्याच खिशातला मोबाइल. मोबाइल बंद कर, यंत्रात फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय असेल तर सरकव, नाहीतर जागा बदल. कॉइल वर असताना यंत्र शांत आणि जमिनीजवळ नेऊन फिरवलं की बडबड सुरू, असं असेल तर दोष जमिनीकडे जातो. कॉइलची वायर दांड्याभोवती नीट, घट्ट गुंडाळलेली आहे ना, तेही बघ. सैल वायर कॉइलसमोर झुलली तरी खोटा आवाज येतो. बुटाच्या टोकाला स्टील असेल तर तेही वाजतं. मला हे समजायला दोन महिने लागले होते.

आता मूळ गोष्ट. कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्यामुळे धातूच्या तुकड्यात भोवरे घेणारे प्रवाह तयार होतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं एक बारीकसं क्षेत्र उलट वर येतं, आणि दुसरी कॉइल ते टिपते. ऐकायला सरळ वाटतं. पण लहान वस्तूच्या बाबतीत, कॉइलपासून जरा लांब गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर हा परतीचा सिग्नल जवळजवळ चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. आणि माती? ती कॉइलला अगदी खेटून, चहूबाजूंनी आणि किलोंनी पसरलेली. वीतभर खोल गेलेल्या नाण्याच्या कुजबुजीपुढे मातीची आरोळी केवढी असेल, याचा अंदाज कर. तुझं यंत्र या आरोळीतून कुजबुज वेगळी काढायचा प्रयत्न करतंय.

अलेक्झांडर ग्रॅहम बेलवरही हाच प्रसंग आला होता. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, आणि शरीरात अडकलेली ती गोळी शोधायला बेलने याच तत्त्वावर चालणारं एक यंत्र तयार केलं. आधीच्या प्रयोगांत ते चाललं. अध्यक्षांच्या अंगावरून फिरवल्यावर मात्र नुसते भलतेच आवाज. पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या, त्यांनी यंत्राला भुलवलं. गोळी सापडली नाही. यंत्र तेच, माणूस तोच, गडबड केली ती भोवतालच्या लोखंडाने. तुझ्या पायाखालची गादीही तशीच आहे, फक्त तिच्यातलं लोखंड डोळ्यांना दिसत नाही.

ते दिसावं यासाठी एक लोहचुंबक घे, प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळ, आणि कोरड्या मातीत ओढ. पिशवीला काळी बारीक पूड चिकटली तर मातीत मॅग्नेटाइट आहे, लोहाचा चुंबकीय ऑक्साइड. लाल माती सगळी सारखी नसते. लालपणा हेमॅटाइट या दुसऱ्या लोह-ऑक्साइडचाही असतो, आणि तो चुंबकाला फारशी दाद देत नाही. पण त्याच मातीत मॅघेमाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारा आणखी एक लोह-ऑक्साइड, असेल तर ती यंत्राला जबरदस्त छळते. म्हणून रंगावर विसंबू नकोस, चुंबकावर विसंब. जिथे पूर्वी शेकोट्या पेटल्या, भट्ट्या लागल्या, गवत जाळलं गेलं, तिथली माती आजूबाजूपेक्षा जास्त चुंबकीय झालेली असते, कारण आचेने मातीतले साधे लोह-ऑक्साइड चुंबकीय रूपात बदलतात. पुरातत्त्वज्ञ याच गुणामुळे जुन्या चुली शोधतात. आपल्याला मात्र अशा जागी एका पावलात ग्राउंड बॅलन्स बिघडलेला सापडतो.

ग्राउंड बॅलन्स. सगळं इथे येऊन थांबतं. जमिनीची सहीच म्हणू, म्हणजे तिच्या परतीच्या सिग्नलची ठरावीक वेळेची ढब, यंत्राला एकदा ओळखवून द्यायची आणि सांगायचं, ‘असा आवाज आला तर सोडून दे.’ त्यासाठी आधी धातू नसलेली जागा शोध. दोन-चार पावलांच्या चौकोनात कॉइल फिरव, काही पक्कं वाजलं तर तिथे बॅलन्स करू नकोस, नाहीतर यंत्र धातूलाच जमीन समजायला शिकेल. जागा सापडली की कॉइल जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवरून ३-४ सेंटिमीटरपर्यंत खाली आण, पुन्हा वर ने. एका लयीत, पंप मारल्यासारखं. खाली नेताना आवाज वाढला तर बॅलन्स पॉझिटिव्हकडे झुकलाय, नॉब उलट फिरव. वर नेताना वाढला तर निगेटिव्ह. दोन्हीकडे आवाज सपाट राहिला की झालं. आणि शेवटी मी बॅलन्स केसभर पॉझिटिव्हकडे सोडतो, खाली नेताना अगदी जेमतेम कुजबूज येईल इतकंच. निगेटिव्हकडे राहिलं तर खड्ड्यावरून, नांगराच्या चरावरून कॉइल गेली की लबाड आवाज येतो, कारण कॉइल आणि माती यांच्यात अचानक अंतर पडतं आणि यंत्राला ते उचलल्यासारखंच वाटतं. तुझ्या पत्रातली ‘चरांवरच जास्त वाजतं’ ही ओळ वाचून मी लगेच ताडलं की तुझा बॅलन्स निगेटिव्हला गेलाय.

आणि हे एकदा करून भागत नाही. सकाळी एका टोकाला केलेला बॅलन्स दुपारी दुसऱ्या टोकाला चालेलच असं नाही. चढ आला, पोत बदलला, पाऊस पडून माती ओली झाली, आवाजाचा तळ डळमळू लागला, की थांब आणि पुन्हा पंप मार. दहा सेकंदांचं काम आहे. ऑटो बॅलन्सचं बटण असलं तरी ते दाबताना जागा स्वच्छ असायलाच हवी.

ट्रॅकिंगबद्दल तुला सावध करायचं म्हणून माझी एक आठवण सांगतो. बहिणीची अंगठी बागेत हरवली होती. मी नवखा, ट्रॅकिंग चालू, म्हणजे यंत्र चालता चालता आपणहून बॅलन्स बदलत राहतं. एका जागी अगदी मंद आवाज आला. खात्री करायला मी त्याच वीतभर जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा, हळूहळू फिरवत राहिलो. आवाज मंद होत होत विझला. मी म्हटलं, खोटा होता. पुढे गेलो. बहीण दुसऱ्या बाजूला उभी होती, तिला ‘इथे नाही’ असं मीच सांगितलं. दोन महिन्यांनी ट्रॅकिंग बंद करून, बॅलन्स एकदाच बसवून, त्याच आळ्यात पुन्हा गेलो. अंगठी तिथेच होती. ट्रॅकिंगने तिचा मंद सिग्नल जमीन समजून हळूहळू पचवला होता. ती अंगठी हातात आल्यावर बहीण रडली, आणि मला आजही त्या ‘इथे नाही’चं वाईट वाटतं. तेव्हापासून जमीन फार वेगाने बदलत असेल तरच मी ट्रॅकिंग चालू करतो, आणि शंका येईल तिथे त्याच जागी उभा राहून घासत बसत नाही. कॉइल बाजूला नेतो, बॅलन्स तपासतो, मग परत येतो.

सेन्सिटिव्हिटीचं सांगतो, कारण तू ती पूर्ण वर ठेवली आहेस हे मला न सांगताही कळतं. सगळेच ठेवतात. जास्त संवेदना म्हणजे जास्त खोली, असं वाटतं. पण खनिजांनी भरलेल्या जमिनीत सेन्सिटिव्हिटी वाढवली की आधी जमीनच वाढते. वरच्या चार बोटांतली माती बोंब मारते आणि खालचं नाणं त्याच्यात बुडून जातं. ती इतकी कमी कर की कॉइल फिरवताना तळाचा आवाज स्थिर होईल, एखादाच किरकोळ टिकटिकाट राहील. मग माझ्यासारखी परीक्षा घे. एका बाजूने तिरकं भोक पाडून १५ सेंटिमीटर खोल नाणं सरकव, म्हणजे त्याच्या वरची माती न उकरलेली राहते. उकरलेल्या मातीत पुरलेलं नाणं फसवं उत्तर देतं. मग सेन्सिटिव्हिटी एकेक घर वाढवून बघ. एका ठिकाणी नाणं सगळ्यात स्पष्ट ऐकू येईल, त्यापुढे फक्त गोंगाट वाढेल. ते ठिकाण लिहून ठेव, पण त्या जमिनीपुरतंच.

मिठाची जमीन हा वेगळाच अध्याय. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत लोह नसूनही यंत्र वेडं होतं, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं आणि स्वतःच एखाद्या पातळ धातूच्या पत्र्यासारखं वागतं. मॅग्नेटाइटचा प्रतिसाद एका ढबीचा, खाऱ्या पाण्याचा दुसऱ्या ढबीचा, आणि तुझ्या नॉबला एकच ढब दाबता येते. दोन्ही एकत्र आले, म्हणजे वाळूत काळी पूडही आहे आणि मीठही, की एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला दोघांना एकदम गप्प करणं जमत नाही. एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं हे काम बऱ्यापैकी करतात, कारण प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मिठाचा आणि लोहाचा प्रतिसाद वेगवेगळा पडतो, त्यातून गणित मांडता येतं. तुझं एकाच फ्रिक्वेन्सीचं आहे, म्हणून कोरड्या वाळूत बॅलन्स कर आणि तिथेच शोध. ओल्या पट्ट्यात जायचंच असेल तर सेन्सिटिव्हिटी बरीच खाली आण, तिथे पुन्हा बॅलन्स कर, आणि पाण्याच्या रेषेला समांतर चाल. आडवं चाललास तर प्रत्येक पावलाला ओल बदलते आणि यंत्र ती ओल ऐकत राहतं. कॉइलची उंचीही एकसारखी ठेव. खत भरपूर घातलेलं ओलं शेतही कधी कधी असंच वागतं, तिथेही क्षार असतात.

कॉइल आणि फ्रिक्वेन्सीचं थोडक्यात. ज्या कॉइलमधले दोन वेटोळे ‘डी’ अक्षरासारखे एकमेकांवर चढलेले असतात ती डबल-डी कॉइल. तिची नजर पातळ पात्यासारखी असते, म्हणून खनिजाच्या जमिनीत ती एका गोल नजरेच्या कॉन्सेंट्रिक कॉइलपेक्षा कमी माती बघते. लहान कॉइलही कमी माती बघते, मग खोली थोडी गेली तरी चालेल. कमी फ्रिक्वेन्सी चांदी-तांब्याला बरी, जास्त फ्रिक्वेन्सी सोन्याच्या बारीक कणाला, पण ती जमिनीचाही आवाज जास्त घेते. पल्स इंडक्शनची यंत्रं जमिनीला चुंबकीय क्षेत्राचा धक्का देऊन साधारण १० मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त थांबून मग ऐकतात, तेवढ्यात मॅग्नेटाइटचा आवाज बहुतेक मावळलेला असतो. म्हणून खराब जमिनीत त्यांचा वचक आहे. पण मॅघेमाइटच्या अतिबारीक कणांचा प्रतिसाद त्यानंतरही रेंगाळतो, आणि लोखंड-सोनं यांच्यात फरक करण्यात ती कच्ची. खिळे खणायची तयारी असेल तरच घे.

‘गरम दगडां’बद्दल, म्हणजे तापलेल्या नव्हे तर धातूसारखं खोटं वाजणाऱ्या दगडांबद्दल, तू विचारलंस. आजूबाजूच्या मातीपेक्षा ज्या दगडात जास्त लोह, तो वाजतो, कारण बॅलन्स मातीशी जुळलाय, त्याच्याशी नाही. त्याचा आवाज पसरट असतो, आणि कॉइल थोडी उचलली की झटकन विरतो. धातूचा आवाज धारदार असतो, आणि दोन दिशांनी फिरवला तरी एकाच जागी येतो. पहिल्यांदा फसशील, मग तो दगड हातात घेऊन कॉइलसमोर फिरव, आवाज कानात बसेल. पुढच्या वेळी तू खणणार नाहीस.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळायची सोय, मात्र खाली ठेव. खनिजाच्या जमिनीत खोलवरचं चांगलं नाणंही पडद्यावर लोखंडाकडे सरकलेलं दिसतं, आणि तू ‘खिळा आहे’ म्हणून पुढे जातोस. सुरुवातीचे दोन महिने प्रत्येक स्थिर सिग्नल खण, मग ठरव. जमीन मालकाची परवानगी घेऊनच, आणि खड्डा बुजवून. न फुटलेला गोळा किंवा बॉम्बसदृश काही दिसलं तर हात लावू नकोस, पोलिसांना सांग.

आता तुझ्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. पुढच्या सुट्टीला त्याच शेतात जा, चुंबक ओढ, पिशवीला काय चिकटलं ते लिही. मग स्वच्छ जागा, पंप, बॅलन्स, सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर, ट्रॅकिंग बंद, आणि चरांवरून हळू चाल. चरांवर तरीही वाजलं तर खाली नेताना आवाज वाढतो की वर नेताना, तेवढंच सविस्तर लिही. मी वाट बघतोय.

तुझाच,
जिवलग मित्र