परिवहन मंत्र्यांना खुले पत्र : माझा नातू नेमका कोणत्या खात्याचा?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विशेष शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बसबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सावरकरनगर, ठाणे येथे राहणारा निवृत्त बस ड्रायव्हर. एकोणतीस वर्षं याच शहरात प्रवासी बस चालवली आणि सर्व्हिस बुकात एकही अपघात न लागता घरी आलो. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून अर्ज थोडक्यात लिहिणार होतो. पण परवा सोमवारी माझ्या नातवाच्या हनुवटीला तीन टाके पडले आणि पुढचा एक दात गेला. त्यामुळे थोडक्यात काही जमेल असं वाटत नाही.

घरात नातवंडं दोन. सई आठ वर्षांची, तिसरीत, साध्या शाळेत. पार्थ अकरा वर्षांचा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं तल्लख, पण हातपाय ऐकत नाहीत. पायात स्प्लिंट (आधाराच्या पट्ट्या) घालून, कुणीतरी काखेत धरलं तर दहा-बारा पावलं टाकतो. तो घोडबंदर रोडवरच्या विशेष शाळेत जातो.

सकाळी सातला सईची पिवळी बस सोसायटीच्या गेटवर येते. दारात मावशी उभ्या, खिडक्यांना आडवे गज, गाडीत कॅमेरा. ती चढली की सूनबाईच्या मोबाइलवर मेसेज येतो की तुमची मुलगी बसमध्ये बसली. तिची शाळा दोन किलोमीटरवर आहे. खरं सांगायचं तर ती चालतही जाईल.

पार्थची शाळा नऊ-दहा किलोमीटरवर. तो जातो रिक्षाने.

गणपतीच्या सुट्टीपर्यंत त्यालाही बस होती. जूनमध्ये शाळेत परिवहन समितीची बैठक झाली, मी पालकांतर्फे बसलो होतो. अधिकारी आले, चहा झाला. दिवाळीच्या आत रॅम्पवाली बस आणि दोन मदतनीस देतो, असं सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या मीच सगळ्यात जोरात वाजवल्या. मग सुट्टी संपायच्या आदल्या रात्री ठेकेदाराचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला: मदतनीस मिळत नाही, ट्रिपला उशीर होतो, उद्यापासून गाडी बंद, पालकांनी आपली सोय करावी, तसदीबद्दल क्षमस्व. खाली हात जोडल्याचं चित्र.

सोय केली. सोमवारी मानपाड्याच्या पुढे एक टँकर अचानक आडवा आला, रिक्षावाल्याने ब्रेक मारला. पार्थला दांडा धरता येत नाही. सूनबाईच्या एका हातात तो आणि दुसऱ्या हातात त्याची बॅग होती. ड्रायव्हरच्या सीटमागच्या लोखंडी दांड्यावर हनुवटी आपटली. रिक्षावाल्याचा दोष नाही. मी असतो तरी ब्रेकच मारला असता.

आता नियमांबद्दल. महाराष्ट्र मोटार वाहन (स्कूल बसकरिता विनियम) नियम, २०११. हे मी चष्मा लावून, पेन्सिलीने खुणा करत वाचले. रंग, वेग नियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, मुली असतील तर महिला मदतनीस, प्रत्येक शाळेत परिवहन समिती, वर जिल्ह्याची समिती. चांगले नियम आहेत, मी ड्रायव्हर म्हणून सांगतो. पण वाचताना सारखं वाटत राहिलं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे मूल होतं ते टुणकन उडी मारून बसमध्ये चढणारं होतं. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात २९ लाखांच्या वर दिव्यांग मोजले गेले. एका टेबलावर मोजणी चालू, दुसऱ्या टेबलावर नियम चालू, आणि दोन टेबलांच्या मध्ये बहुधा शिपाईसुद्धा नव्हता.

सईच्या बसची पहिली पायरी मी टेपने मोजली. जमिनीपासून जवळजवळ दीड फूट. बंद पडली ती पार्थची बस तर त्याहून उंच होती, कारण ती मुळात कंपनीच्या कामगारांची जुनी गाडी, पिवळा रंग मारलेली. मागच्या बुधवारी सकाळी मी कापूरबावडीला सव्वा तास उभा राहून पिवळ्या गाड्या मोजल्या. सत्तावीस भरल्या. एखाद-दुसरी नजरेतून सुटली असेल, गुडघे दुखायला लागले की लक्ष राहत नाही. रॅम्प किंवा लिफ्ट असलेली एकही नाही.

आता ठेकेदाराचं गणित सांगतो, कारण ते मंत्रालयात कुणी मांडलं असेल असं मला वाटत नाही. साध्या शाळेची बस घ्या. चाळीस मुलं, सात-आठ गेट, एकेका गेटवर पाच-सहा पोरं एकदम चढतात. पाऊण तासात ट्रिप संपते. लगेच दुपारच्या अधिवेशनाची ट्रिप, आणि मे महिन्यात तीच गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला. पार्थच्या बसमध्ये मुलं चौदा आणि दारं चौदा. कुणी कळव्याला, कुणी किसननगरला, कुणी वाघबीळला. प्रत्येकाला उचलून चढवायचं, बसवायचं, पट्टा बांधायचा, व्हीलचेअर घडी करून मागे टाकायची. चार मिनिटं धरा. चौदा चोक छप्पन. म्हणजे छप्पन मिनिटं गाडी नुसती उभी, मागून हॉर्न, आणि वर ट्रॅफिकवाल्याची शिट्टी. भाडं मुलामागे महिन्याला साडेतीन हजार, चौदांचे झाले एकोणपन्नास हजार. त्यात ड्रायव्हरचा पगार, मदतनीस, डिझेल, विमा, पासिंग, गाडीचा हप्ता. मी ठेकेदार असतो तर मीही बंद केली असती. म्हणून मी त्या माणसाला शिव्या देत नाही. (देतो, पण घरात.)

ही छप्पन मिनिटं कुणीतरी विकत घ्यायला हवीत, साहेब. पालक घेऊ शकत नाहीत. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या एका मुलामागे ३,५०० रुपये धरले आहेत असं समजलं. मला वाटलं महिन्याचे. वर्षाचे निघाले! त्यात पुस्तकं आली, साधनं आली, येणंजाणं आलं. आमचं एका महिन्याचं बसभाडं. आणि तेही आमच्या शाळेला लागू नाही, असं शाळेने सांगितलं.

मग मी फिरायला लागलो. एका कार्यालयात गेलो. (नाव लिहीत नाही, मला याच गावात पेन्शन खायची आहे.) तिथले साहेब म्हणाले, "आजोबा, गाडीचं पासिंग आम्ही बघतो. गाडी आहे की नाही ते आम्ही बघत नाही." वाक्य इतकं चोख होतं की मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. साध्या शाळा शिक्षण खात्याकडे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. हा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला, देशात पहिला असं सांगितलं गेलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. बस तुमच्याकडे. रस्ता महापालिकेकडे, आणि त्या रस्त्यावरचे मेट्रोचे पत्रे आणखी कुणाकडे. पार्थची हनुवटी कुणाकडे, ते सांगा, म्हणजे अर्ज त्या खिडकीवर देतो.

कायदा नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १६. मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना वाहतुकीची सोय द्यावी, आणि ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या मदतनिसालाही द्यावी, असं त्यात लिहिलंय. मदतनिसाला! आमच्याकडे मुलालाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारती-गाड्या सहज वापरता याव्यात यासाठीचे, नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवू नका, तीन महिन्यांत सक्तीचे करा. ते तीन महिने कोणत्या कॅलेंडरचे, हे मी आमच्या भटजींनाही विचारून पाहिलं.

माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्या मुलाला ऑटिझम आहे. तिकडे १९७५ पासून कायदा आहे, अशा मुलाचं शाळेत येणंजाणं हा त्याच्या शिक्षणाचाच भाग धरतात. त्याच्या नावाचा एक लेखी आराखडा असतो, त्यात बस कशी, पट्टा कसा, सोबत कुणी हवं का, सगळं लिहितात, आणि लिहिलं की द्यावं लागतं. तिथे मुलं चढताना लाल दिवे लागले की मागची-पुढची वाहनं जागच्या जागी थांबतात. आणि गंमत बघा, स्कूल बसचा पिवळा रंग त्यांनीच १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये बैठक घेऊन ठरवला. तो आपण आणला. स्वस्त असावा.

दिल्लीला १९९७ च्या नोव्हेंबरात वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली. २८ मुलं गेली. महिन्याभरात सुप्रीम कोर्टाचे आदेश निघाले: मागेपुढे ‘स्कूल बस’ लिहा, गज लावा, अनुभवी ड्रायव्हर ठेवा. अठ्ठावीस एकदम गेली तेव्हा सरकार हललं. आमची मुलं मरत नाहीत हो, घरी बसतात. एकेक करून. पार्थच्या गाडीतल्या चौदांपैकी सहा गणपतीनंतर शाळेत आलेलीच नाहीत. त्याची बातमी कशी होणार?

सूनबाई वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सला होती, दहा वर्षं. या महिन्यात तिने नोकरी सोडली. सकाळी त्याच्याबरोबर जाते, शाळेच्या जिन्यात बसून राहते, दुपारी घेऊन येते. रिक्षाचे जाऊन-येऊन रोजचे चारशे. मुलगा रात्रपाळीला असतो. मी पार्थला उचलायला गेलो तर दोन दिवस पाठ धरली. एकोणतीस किलोचा आहे तो. मी बस ओढली एकोणतीस वर्षं, आणि आता एकोणतीस किलो पेलवत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितो. सर्व्हिसमध्ये असताना कळव्याच्या एका थांब्यावर कुबड्यांवरचा एक तरुण रोज उभा असायचा. त्याला चढायला वेळ लागायचा. गाडी आधीच लेट, पुढे गाड्यांच्या वेळा नोंदवणारा स्टार्टर वही घेऊन बसलेला, उशिराचा शेरा माझ्या नावावर. मी चार-पाच वेळा त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि गाडी काढली. आरशात तो दिसायचा, हात तसाच वर. सोमवारी दवाखान्यात पार्थला टाके घालत होते तेव्हा मला तो आरसा आठवत होता. मला त्या चार मिनिटांचा दंड व्हायचा. थांबलो असतो तर कुणी शाबासकीही दिली नसती. सगळा कारभारच असा आहे. गाडी वेळेत गेली का, पासिंग झालं का, वहीत सही आहे का. थांब्यावर कोण राहिला, त्याचा रकाना कुठल्याच वहीत नाही. तुमच्या नाही, शिक्षण खात्याच्या नाही, माझ्याही नव्हता.

मागणं काय, तर तो रकाना घाला. जिल्ह्याच्या समितीने ठाण्यातल्या प्रत्येक विशेष शाळेला विचारावं की किती मुलं बस नाही म्हणून घरी आहेत, आणि आकडा शाळेच्या दारावर लावावा. कमी मुलं घेऊन रॅम्पची गाडी चालवणाऱ्याला उभ्या वेळेचे पैसे द्या, कर माफ करा, काय ते तुमच्या अर्थ खात्याला विचारा. पायरीची उंची आमच्या मुलांना झेपेल इतकी ठेवायला लावा. आणि जूनच्या बैठकीचं इतिवृत्त मला द्या. तीन वेळा मागितलं, टायपिंगला आहे म्हणतात. एका पानाला पाच महिने लागत असतील तर तो टायपिस्ट तरी मला दाखवा, त्यालाही सोबत मदतनीस मिळालेला नसेल.

बाकी आपण सुज्ञ आहात, असं लिहायची पद्धत आहे.

आपला,
एक निवृत्त बस ड्रायव्हर
सावरकरनगर, ठाणे

ता. क. : रिक्षावाल्याने काल त्या दांड्याला जुन्या गादीचा फोम गुंडाळून सुतळीने घट्ट बांधला आहे. पुढच्या महिन्यात त्याची रिक्षा पासिंगला आहे. फोम ठेवला तर चालेल का, असं त्याने मला विचारलं. मला सांगता आलं नाही. आपण कळवावे.